समासातल्या खुणा

पनवेल एसटी स्टँडवरून पेणची गाडी पकडली की पळस्पे फाटा, शिरढोण, मग कर्नाळ्याची खिंड, आणि खिंड उतरल्यावर तारा. दुसरी गाडी नेऱ्याकडे जाते. तिकडे गाढी नदी आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्या. गेली सतरा वर्षं माझं संशोधन या दोन रस्त्यांवर झालं. विषय सामाजिक उद्योजकता आणि सामाजिक नवोपक्रम. आधी माझा स्वतःचा प्रबंध, मग वर्गात शिकवणं, आता विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचणं. या काळात जे हाती लागलं त्यातलं बरंचसं पुस्तकांत नव्हतं आणि काही तर पुस्तकांच्या उलटच निघालं. या विषयात नव्याने येणाऱ्या मुलामुलींनी विचारलं की मी ते तोंडी सांगत असे. यंदा लिहून काढते आहे.

१. गावाकडे आधीपासून शब्द असतो

पहिल्याच मुलाखतीत मी पनवेलच्या एका निवृत्त शिक्षकांना विचारलं, "सर, सामाजिक उद्योजकता म्हणजे तुमच्या मते काय?" सर राष्ट्र सेवा दलात वाढलेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला विधायक कामाबद्दल विचारायचंय का? मग तसं विचारा की."

तसं विचारलं. सर दोन तास बोलले. माझ्या शब्दाने त्यांना एकही माणूस आठवला नव्हता. 'विधायक काम' म्हटल्याबरोबर खादी, सहकारी सोसायटी, रात्रशाळा, साथीच्या रोगात केलेली पथकं, सगळं नावागावानिशी आठवलं.

तारा गावी काम करणारं युसुफ मेहेरअली सेंटर १९६१ मध्ये सुरू झालं. मेहेरअली १९४२ मध्ये मुंबईचे महापौर होते. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन्ही घोषणा त्यांच्या. १९५० मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाने डॉ. जी. जी. पारीख आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याला काम उभं केलं: घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी, शाळा, दवाखाना. आजचा अभ्यासक याला 'हायब्रिड' संस्था म्हणेल, म्हणजे बाजारात माल विकणारी आणि तरीही समाजासाठी चालणारी. नाव चुकीचं नाही. पण ज्यांनी ती उभी केली ती माणसं समाजवादी चळवळीतली. त्यांच्यामागे गांधीजींचा विधायक कार्यक्रम होता आणि लोहियांचं फावडं, मत आणि तुरुंग हे त्रिकूट होतं. 'उद्योजकता' हा शब्द घेऊन गेलं की आपण विक्री, खर्च, शिल्लक विचारतो. 'विधायक' हा शब्द घेऊन गेलं की माणसं सांगतात, लढाई चालू असताना शेजारी काय बांधत होतो. दोन्ही विचारावं. मात्र आपला शब्द दारातच ठेवून आधी त्यांचा घ्यावा.

२. व्याख्येपायी वर्ष घालवू नये

माझं घालवून झालं. ग्रेगरी डीस यांनी १९९८ मध्ये सामाजिक उद्योजकतेचा अर्थ सांगणारा निबंध लिहिला. से आणि शुंपीटर या जुन्या अर्थशास्त्रज्ञांपर्यंत त्यांनी धागा नेला. त्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, बिल ड्रेटन यांनी 'अशोका' ही संस्था काढली आणि समाज बदलणारी एकेक माणसं हुडकून त्यांना पाठबळ द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पहिल्या फेलो ग्लोरिया डिसोझा या मुंबईच्या शिक्षिका. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००७ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या लेखनात मुख्य पात्र म्हणजे धडपडा, कल्पक माणूस. युरोपातली परंपरा वेगळी. इटलीने १९९१ मध्ये सामाजिक सहकारी संस्थांसाठी कायदा केला. बेल्जियमचे दफूर्नी आणि निसेन्स यांच्यासारखे अभ्यासक पहिला प्रश्न विचारतात तो मालकी कोणाची आणि मत कोणाला, हा.

हे दुसरं वाचताना मला कळलं की मी परक्या घरात नाही. हे तर आपलं सहकाराचं अंगण. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे पाहण्या करणारे, आकडे तपासणारे अर्थशास्त्रज्ञ. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकरी. दोघांनी मिळून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ऊस पिकवणाऱ्याचा कारखाना, आणि अध्यक्षपदाच्या खुर्चीत अभ्यासक! विद्यापीठ आणि गाव यांच्यात काय नातं असू शकतं याचा याहून मोठा दाखला मला बाहेरच्या कुठल्याही देशातून आणावा लागला नाही. सहकारी साखरेचं पुढे काय झालं हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या मुलांच्या संदर्भसूचीत डीस असतात, बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचे युनूस असतात, आणि गाडगीळ नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक वर्ष व्याख्यांत गेल्यावर माझ्या मार्गदर्शकांनी वहीवर पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'आता एसटीत बसा.'

३. प्रश्नावलीच्या आधी पंचांग

माझी पहिली पाहणी फेब्रुवारीत ठरली. विद्यापीठाला सहामाही अहवाल मार्चअखेर हवा होता, म्हणून फेब्रुवारी. मी कातकरी वाडीत छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कुडाच्या घरांची दारं दोरीने बांधलेली. एका ओट्यावर म्हातारी बसलेली, मांडीवर नातू. दोन कोंबड्या. बाकी शुकशुकाट.

"बाकीची माणसं कुठं गेली?"

"भट्टीवं."

दिवाळी सरली की वाडीतली जोडपी वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची. मुलंही बरोबर जातात. पाऊस तोंडावर आला की परत. मधले महिने वाडी अशीच. हे तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक होतं. ज्याने मला रस्ता दाखवला त्या मिनिडोरवाल्यालाही. मी कोणाला विचारलं नव्हतं, एवढंच.

'लाभार्थ्यांचं मासिक उत्पन्न' असा माझा चौथा प्रश्न होता. महिना कोणता? जूनमध्ये डोंगरात शेवळं उगवतात आणि वाडीतल्या बाया ती काकडांसकट पनवेलच्या बाजारात वाट्यांनी विकतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी. भातलावणीला दुसऱ्याच्या शेतात मजुरी. दिवाळीनंतर भट्टी, पण तिथला पैसा आधीच खाऊन झालेला. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागली की जो आकडा येतो त्या आकड्यावर वर्षातला एकही महिना कोणी जगत नाही.

त्यानंतर मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिलं काम एकच देते. मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार त्यांच्यासमोर बसून भरा: पीक, मजुरी, सण, आजार, कर्ज, पाणी. तो कागद भरल्याशिवाय प्रश्नावली छापायची नाही. एका मुलाचा कागद भरायला तीन आठवडे लागले, आणि त्यात त्याचा निम्मा प्रबंध झाला.

४. वही बघावी, समासासकट

हा मुद्दा सगळ्यात लांब होणार आहे, कारण माझ्या कामातलं सगळ्यात मोलाचं मला इथे मिळालं.

नेऱ्याच्या पुढे एका ठाकूरवाडीत बायकांचा बचत गट आहे. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. महिन्याला शंभर रुपये बचत, गटातूनच छोटं कर्ज, शंभराला दोन रुपये व्याज. समाजमंदिरात संध्याकाळी बैठक. सचिव बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. वही बँकेने दिलेल्या नमुन्याची: नाव, बचत, कर्जफेड, व्याज, दंड, सही किंवा अंगठा. मी त्यांच्या सहा वर्षांच्या वह्या मागितल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. पानांना धुराचा वास.

मी आकडे उतरवून घेत होते. वेळेवर फेड किती, थकबाकी किती. सूक्ष्म कर्जावरच्या साहित्यात या टक्केवारीला फार मान आहे. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेपासून सगळे याच आकड्यावर पारखले गेले. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष समासाकडे गेलं. तांबड्या रेघेच्या डावीकडे, काही नावांपुढे पेनने टिंब होतं. काहींपुढे फुली. काहींपुढे आडवी रेघ. आधी वाटलं, कोणा पोराने गिरगटलंय. पण खुणा सहाही वह्यांत होत्या आणि एकाच हाताच्या.

मी विचारलं. सचिव बाई आधी हसल्या, मग वही स्वतःकडे फिरवून घेतली.

"ही रेघ म्हंजे बाई आली नाय, पन पैसं धाडलं. ही फुली म्हंजे आली नाय, पैसंबी नाय. आनि हा टिपका, आली, बसली, पन पैसं नव्हतं."

"पण बँकेच्या दृष्टीने फुली आणि टिपका सारखंच ना? दोन्हीकडे पैसे नाहीतच."

"सारखा कसा? पैसं नाय तरी जी येतं तिची लाज मोडली. ती देनार. जी येत नाय तिच्या घरी आमाला जावा लागतं."

मी तिथे बराच वेळ काही लिहू शकले नाही. मग त्यांच्याच परवानगीने सहा वर्षांच्या खुणा आकड्यांशेजारी मांडल्या. ज्यांच्यापुढे टिंबं होती त्या जवळजवळ सगळ्या बायकांनी पुढे, उशिरा का होईना, पैसे फेडले होते. ज्या गट सोडून गेल्या त्यांच्यापुढे आधी ओळीने फुल्या. आणि आणखी एक गोष्ट: टिंबाला दंड नव्हता. नमुन्यात दंडाचा रकाना होता, गटाच्या नियमांत दंड होता, पण टिंबापुढे तो कधीच भरलेला नाही. ठराव नाही, चर्चा नोंदलेली नाही. सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. गटाची सामूहिक जबाबदारी असली की हप्ता चुकलेल्या बाईवर बाकीच्या दबाव आणतात, तिची लाज काढतात, अशी टीका जगभरच्या अभ्यासकांनी केली आहे, आणि ती खरी आहे. मी तशी उदाहरणं पाहिली आहेत. या वाडीने मात्र त्यावर उपाय काढला होता. रिकाम्या हाताने यायची वाट मोकळी ठेवली होती.

सामाजिक नवोपक्रम म्हणतात तो हाच, असं मी आज ठामपणे म्हणते. त्याला संस्थापक नाही, निधी नाही, बोधचिन्ह नाही. छापील नमुन्यात जागा नव्हती म्हणून तो समासात राहिला. मी रकाने वाचून निघून आले असते तर माझ्या प्रबंधात या गटाची फक्त थकबाकी आली असती.

त्या पानांचे फोटो छापायचे होते. सचिव बाई म्हणाल्या, गटाला विचारते. पुढच्या बैठकीत विचारलं. नावं झाकणार, हे मी तीनदा सांगितलं. सगळ्या हो म्हणाल्या, एक बाई गप्प राहिली. नंतर पाणी द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "माझं टिपकं लय हायेत." नाव झाकलं तरी वाडीत कोणालाही ओळीवरून कळलं असतं. मी फोटो छापले नाहीत, खुणांचं वर्णन केलं. विद्यापीठाच्या संमतीपत्रावर तिची सही आधीच होती. सही असली म्हणजे संमती असतेच असं नाही, हे मला त्या तांब्याभर पाण्याबरोबर कळलं.

५. संस्थापकापाशी थांबू नये

डॉ. जी. जी. पारीख शंभर वर्षं जगले. १९४२ मध्ये विद्यार्थिदशेत तुरुंगात गेले, पुढे मुंबईत डॉक्टरकी केली, 'जनता' साप्ताहिक चालवलं, आणि ताऱ्याचं काम कधी सोडलं नाही. २०२५ मध्ये, गांधीजयंतीच्या दिवशीच ते गेले. अशा माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप जोडले जातात, आणि जोडावेतच.

पण विद्यार्थी अशा संस्थांवर प्रबंध लिहितात तेव्हा मुलाखतींच्या यादीत संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक असे वरून खाली उतरतात आणि घाण्यावरच्या माणसापर्यंत पोचायच्या आत पानं संपतात. साठ वर्षांहून अधिक टिकलेलं काम एका माणसाच्या जिद्दीवर टिकत नाही. कोणीतरी रोज कुलूप उघडतं. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेवर कोणीतरी पाठवतं. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना जेवण कोणीतरी रांधतं. आणि दुसऱ्या पिढीतलं कोणीतरी दर महिन्याला ठरवतं की शहरातली जास्त पगाराची नोकरी नको. ते का ठरवतं, हा या विषयातला मला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, आणि त्यावर आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलंय. माझा नियम असा: संस्थापकाची एक मुलाखत, तर दहा वर्षं काम केलेल्या पण पत्रिकेवर नाव नसलेल्या माणसांच्या पाच.

६. दोन वर्षांनी परत जावं

एका कंपनीने आमच्या भागातल्या एका वाडीला सोलर ड्रायर दिले. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि तळोजा, पाताळगंगा, रसायनी असा कारखान्यांचा पट्टा जवळ असल्याने पनवेल तालुक्यात तो पैसा येतो. कल्पना चांगली होती. रानभाज्या आणि जांभळं वाळवायची, पुड्या भरायच्या, नवी मुंबईत विकायच्या. मी उद्घाटनाला होते. तीन महिन्यांनी त्यावर लेख लिहिला, तो एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला आणि माझ्या बढतीत मोजला गेला.

दोन वर्षांनी सहज त्या बाजूला गेले. ड्रायरच्या काचा शाबूत होत्या. आत पेंढा भरून ठेवलेला, एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. का बंद पडलं? रानभाजी येते पावसात, आणि पावसात ऊन नसतं. जांभळं येतात तेव्हा ऊन असतं, पण त्या दिवसांत ताजी जांभळं हायवेवर हातोहात जातात, वाळवणार कोण? वाडीतल्या बायांना हे पहिल्या दिवशी माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि साहेब इतक्या लांबून आलेत तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या. कंपनीच्या अहवालात 'तीस महिलांना प्रशिक्षण' अशी नोंद झाली, ती खरीच होती.

मी त्याच नियतकालिकाला दुसरा लेख पाठवला, पहिला कुठे चुकला हे सांगणारा. तो परत आला. शेरा होता की यात नवीन सिद्धान्त नाही. मग तो मी मराठीत लिहिला, आणि तेव्हापासून तालुक्यातले कार्यकर्ते तोच मागून नेतात. आपल्या विषयात यशाच्या कहाण्यांचा ढीग आहे आणि फसलेल्या कामांचं दप्तर रिकामं. डॉक्टर मृत्यूचं कारण नोंदवतात. आपणही बंद पडलेल्या कामाचं कारण नोंदवायला हवं, नाहीतर तोच ड्रायर शेजारच्या तालुक्यात पुन्हा जातो. गेला आहे.

७. काम संपत आलं तर ते अपयश नव्हे

नेऱ्याजवळचं शांतिवन कुष्ठरोग निवारण समितीचं. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं त्या काळात कुष्ठरोग्याला घर नव्हतं, म्हणून अशा वसाहती लागल्या. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवले, आजार बरा होऊ लागला, आणि २००५ च्या अखेरीस देशाच्या पातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्याही खाली आलं. अशा संस्थांनी नंतर नवी कामं हाती घेतली की पाश्चात्त्य साहित्यात लगेच 'ध्येयापासून ढळणं' हा शेरा येतो. मला तो सरसकट लावणं अन्यायाचं वाटतं. ज्या संस्थेचा मूळ आजार हटत गेला तिने आपल्या जमिनीचं, माणसांचं, अनुभवाचं काय करावं? हा प्रश्न यशातून आलेला आहे. मात्र नवे रुग्ण अजूनही सापडतात, हे लक्षात ठेवूनच तो विचारावा.

८. मोजावं, पण मोजमाप त्यांच्या हातात द्यावं

आकड्यांना नाकं मुरडणारे कार्यकर्ते मला आवडत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेत जे केलं ते मोजल्यामुळे जगापुढे गेलं. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरीच काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जो निबंध आला त्यात ३९ गावांतला नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं होतं. शेजारची तशीच गावं तुलनेला ठेवली होती, म्हणून कोणाला तो आकडा झटकता आला नाही. पुढे हीच पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली.

पण मी वर्गात निबंधाच्या आधी दुसरी एक वस्तू सांगते. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास मिनिटाला किती, हे मोजावं लागतं. जिला शंभरपर्यंत अंक येत नाहीत तिने कसं मोजावं? त्यांनी मण्यांची एक पाटी केली. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले तर बाळ आजारी. निदान त्या बाईच्या बोटांत आलं. आमच्या वाडीतल्या समासातल्या टिंबाची मला तेव्हा आठवण झाली: ज्याला जे मोजायचंय ते त्याला येईल अशा खुणेत.

मोजणं कोणासाठी, यावर पुढे सगळं ठरतं. आता तर सामाजिक संस्थांसाठी शेअर बाजारात वेगळा विभाग आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली आणि २०२२ मध्ये सेबीने नियम केले. संस्थेने आपला सामाजिक परिणाम आकड्यांत मांडायचा, देणाऱ्याने तो पाहून पैसे द्यायचे. यातून चांगल्या संस्थांना बळ मिळेल, ही आशा मलाही आहे. भीती एकच आहे, की परिणाम मोजणारी शहरातली नवी जमात तयार होईल आणि वाडीतल्या बाईच्या हाती पुन्हा दुसऱ्याने आखलेली वही येईल.

९. संशोधन परत द्यावं

माझा प्रबंध इंग्रजीत आहे. ३१२ पानं. एक प्रत विद्यापीठात, एक महाविद्यालयात, एक माझ्या कपाटात. पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन मी त्या ठाकूरवाडीत गेले. सचिव बाईंनी पेढा घेतला आणि विचारलं, "आमच्याबद्दल काय लिवलंस?"

सांगता येईना. 'सामाजिक भांडवल', 'परस्परविश्वासाची अनौपचारिक यंत्रणा' असे शब्द तोंडात येत होते आणि समोर ज्यांनी ती यंत्रणा केली त्या बसल्या होत्या. घरी येऊन मी दोन महिने लावले आणि चौदा पानांची मराठी पुस्तिका केली. मोठा टाइप, झेरॉक्सच्या प्रती. पुढच्या बैठकीत वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवलं. व्याज पहिल्या वर्षी दोन नव्हे, तीन रुपये होतं; पावसाळ्यात कर्ज जास्त उचललं जातं असं मी लिहिलं होतं, ते गटातल्या एका बाईने सुधारलं, की गौरीगणपतीच्या आधी. प्रबंधाला दोन परीक्षकांनी मान्यता दिली होती. त्या दोन चुका त्यांच्या नजरेतून सुटल्या होत्या, त्यांना कळणं शक्यही नव्हतं. माझी खरी तोंडी परीक्षा समाजमंदिरात झाली.

'सर्च' आणि इतर संस्थांनी बालमृत्यूंवरचा अहवाल २००१ मध्ये मराठीत काढला, 'कोवळी पानगळ' या नावाने. त्या दोन शब्दांनी विधानसभेपासून चावडीपर्यंत जे पोचवलं ते कुठल्याही इंग्रजी निबंधाला जमलं नसतं. आपली भाषा संशोधनाला पुरत नाही असं मानणाऱ्यांनी तो अहवाल जरूर वाचावा.

आता विमानतळ झाला, अटल सेतू झाला, पनवेलच्या भोवती झपाट्याने सगळं बदलतंय. इथे अभ्यासाला येणारे पुढच्या दहा वर्षांत दसपटीने वाढतील. म्हणून आपल्या परिसरातल्या सगळ्या महाविद्यालयांना, मार्गदर्शकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. प्रबंध कोणत्याही भाषेत लिहा, पण त्यातली दहा-पंधरा पानं मराठीत करा आणि ज्या वाडीवर, ज्या गटावर, ज्या संस्थेवर लिहिलंत तिथे जाऊन ती मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या नोंदवा आणि मगच प्रबंध सादर करा. एक प्रत तिथल्या पत्र्याच्या पेटीत, वह्यांबरोबर ठेवून या. आणि पावसाळ्यात जा. तेव्हा सगळे घरी असतात.